एका ओळीसाठी निविदा

तुम्ही माझं पाकीट न उघडता परत पाठवलंत. सोबत पत्र जोडलंत, की प्रक्रियेची शुचिता राखण्यासाठी ते उघडण्यात आलेलं नाही. पत्राखाली सही आहे, ती वाचता येत नाही. सहीखाली नाव नाही, नुसतं 'मूल्यांकन समितीच्या वतीने' असं आहे. म्हणजे मला नाकारणाऱ्या माणसाला नावसुद्धा नाही. मी बत्तीस वर्षं या गावाच्या घामाचे, रक्ताचे, लग्नातल्या उलट्यांचे कपडे नाक न मुरडता उघडत आले आहे. तुमच्याच्याने एक कोरं करकरीत पाकीट उघडवलं नाही.

हे मी रागात लिहिते आहे. वॉरन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "राग गेल्यावर लिही." राग गेल्यावर मी इस्त्री करते, लिहीत नाही.

मुळात मला शहराचा आर्थिक विकासाचा धोरणात्मक आराखडा करायचाच नव्हता. एवढं लांब नाव असलेली कुठलीही गोष्ट मला करायची नव्हती. मला त्यात एक ओळ हवी होती. एकच.

आमच्या मलिंडाराच्या रुग्णालयातून रोज सकाळी साडेसहाला एक ट्रक निघतो. त्यात मळक्या चादरी असतात. तो दोनशे दहा किलोमीटर जातो, तिथे चादरी उतरवतो, आदल्या दिवशीच्या धुतलेल्या भरतो आणि दुपारी परत येतो. रुग्णालयापासून माझी लाँड्री चारशे मीटरवर आहे. ट्रक माझ्या दारावरूनच जातो, आणि ड्रायव्हर सभ्य असल्यामुळे हात करतो. गावाचा कत्तलखाना चालू होता तेव्हा मी रोज तीनशे चाळीस पांढरे कोट धूत होते. तो बंद पडून दीड वर्ष झालं. तेव्हापासून माझी दोन मोठी यंत्रं चादर पांघरून झोपली आहेत. चादर माझीच, घरची.

माझ्याकडे सीनी अकरा वर्षं कामाला आहे. टोंगा बेटांवरची. सीनीने दोन टोकं धरून चादर झटकली की पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाची टोपी सरकते. तिला आठवड्याचे सहा दिवस काम होतं, आता तीन आहे. तिच्या बहिणीने ब्रिस्बेनला तिच्यासाठी काम बघून ठेवलंय. घराचा करार जूनअखेर संपतो.

"जूनपर्यंत बघते, ग्लेनिस," ती म्हणाली. "मग मला सही करावी लागेल. इथे नाहीतर तिथे."

आता यात शहराचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. सांगते. सीनी गेली की तिची तीन पोरं गेली. तीन पोरं गेली की शाळेचा पट घसरला आणि एक शिक्षिका कमी झाली. ती शिक्षिका गेली की तिचा नवरा गेला, जो रुग्णालयात एक्स-रे काढतो. मग तुमचा पाय मोडला की चादरींच्या ट्रकमध्ये बसून तुम्हीही दोनशे दहा किलोमीटर जाणार. हे माझं अर्थशास्त्र. ते मी कुठे शिकले नाही. काउंटरच्या मागे उभं राहून कोणाचे कपडे यायचे थांबले हे बघत गेले, एवढंच.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकाकडे मी गेले. माणूस वाईट नाही. म्हणाला, "इथे धुवायला माझी काही हरकत नाही. पण वर परवानगी मागायची तर शहराच्या आराखड्यात तसं लिहिलेलं लागतं. एक ओळ पुरे. 'स्थानिक धुलाई सेवेस प्रोत्साहन' एवढं असलं की मी अर्ज करतो. नसलं तर सरकारी दृष्टीने तुम्ही आत्ता माझ्यासमोर बसलेल्याच नाही."

मी बसलेली नसतानाच उठले आणि कौन्सिलच्या कचेरीत गेले.

खरेदी विभागात फिलिपा असते. फिलिपा आणि मी चौदा वर्षं बोल्स क्लबात, हिरवळीवर गोळे घरंगळवायचा तो खेळ, एका जोडीत खेळतो. तिच्या दोन्ही मुलींच्या लग्नाचे झगे मी धुतलेत. पहिलीचा दोनदा, कारण पहिलीचं लग्नच दोनदा झालं.

"आराखड्यात एक ओळ घालायची आहे," मी म्हटलं.

"कुठल्या आराखड्यात? जुन्याची मुदत संपली. नवा झालेला नाही."

"मग नव्यात घाल."

"मी कशी घालू? जो करेल त्याला सांग."

"कोण करणार?"

"निविदा निघायची आहे."

"मग निघाली की सांग मला."

"ग्लेन, ती निघाली ना, की मला तुला काहीच सांगता येणार नाही."

मला वाटलं ती गंमत करते आहे. फिलिपा गंमत करत नाही हे चौदा वर्षांत माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तिने मला कौन्सिलच्या संकेतस्थळावर सूचना नोंदवायला सांगितलं. तिथे आधी विषय निवडावा लागतो. पर्यटन, नवउद्योग, शेती आणि चैतन्य. धुणं नव्हतं. मी 'चैतन्य' निवडलं आणि चादरींचा सगळा हिशेब लिहिला. लगेच उत्तर आलं, की रस्त्यावरच्या महोत्सवात कला सादर करण्याची इच्छा दाखवल्याबद्दल आभार, आणि आवाजाची व्यवस्था स्वतःची आणावी.

त्या दिवशी मी थनासिसच्या कॅफेत जाऊन बसले. थनासिस माझा शेजारी. चाळीस वर्षं तो लोकांना विकत कॉफी आणि फुकट सल्ला देतो आहे. दोन्ही सारखेच कडक.

"तूच भर निविदा," तो म्हणाला.

"मी?"

"का? मागचा आराखडा कोणी केला आठवतं? राजधानीतून तीन पोरं आली होती, टोकदार बूट घालून. इथे, याच टेबलावर बसली. तिघांत एक कॉफी घेतली. दोन दिवस राहिली आणि गेली. आणि लिहिलं काय? 'मलिंडाराने आपल्या खाद्यसंस्कृतीचा पुरेपूर लाभ घ्यावा.' मला सांगतात लाभ घ्या, आणि स्वतः तिघांत एक कॉफी."

"मला असलं लिहिता येत नाही, थनासी."

"म्हणून तर भर म्हणतो."

वॉरन शाळेची बस चालवतो आणि घरातही कुठल्याही गोष्टीला आधी ब्रेक लावून बघतो. तो म्हणाला, "एका ओळीसाठी अख्खा आराखडा?"

"मग दुसरा रस्ता सांग."

त्याने दुसऱ्या दिवशी निविदेचे कागद छापायला शाळेतून दोन रीम आणून दिले. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

निविदा निघाली. तिचा दस्तऐवज त्रेसष्ट पानांचा होता. त्यात शहर नेमकं कुठे चाललंय हे अर्ध्या पानात होतं आणि उरलेल्या साडेबासष्ट पानांत निविदा भरणाऱ्याने काय करू नये हे होतं. पहिलीच अट, दोन कोटी डॉलरचा विमा. मी विमावाल्याला फोन केला.

"कशाचा विमा हवाय?"

"आराखड्याचा."

"आराखड्याने कोणाचं काय नुकसान होणार?"

"मागचा वाचलात का?"

पलीकडे पॉलिसीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला की लाँड्रीच्या पॉलिसीत 'आणि तत्सम सेवा' असे शब्द आहेत, त्यात बसवतो. त्यामुळे शहराच्या भवितव्याचा माझा विमा 'धुलाई, रफू आणि तत्सम सेवा' या सदराखाली आहे. याला तुमच्यापैकी कोणी हरकत घेऊ शकला नाही, कारण तुम्ही पाकीटच उघडलं नाहीत.

पुढची अट, चमूची माहिती, आकृतीसह. मी वर माझी चौकट काढली, खाली सीनीची, बाजूला वॉरनची. सीनीच्या चौकटीत 'वरिष्ठ सल्लागार' लिहिलं.

"पगार वाढला का माझा?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मी वरिष्ठ कशी?"

"तुझ्याखाली कोणी नाही म्हणून."

"माझ्यावर तू एकटीच आहेस," सीनी आकृती उलटसुलट बघत म्हणाली. "म्हणजे मी मधली."

मी ते बदललं नाही. मधल्या माणसावरच सगळा भार असतो, हे खरंच आहे.

हितसंबंध जाहीर करण्याचं एक पान होतं. 'या आराखड्यातून आपणास काही वैयक्तिक लाभ होण्याची शक्यता आहे का?' वॉरन म्हणाला, तिथे जपून लिही. मी लिहिलं: 'होय. मी याच गावात राहते.' आणि खाली चादरींची सगळी गोष्ट लिहिली, आकड्यांसह. ज्याचा या गावात काडीचा स्वार्थ नाही, त्यालाच गावाचं भलं कळतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं ते मला एकदा समजून घ्यायचं आहे.

पण खरी अट होती एकोणिसावी. निविदा खुली असेपर्यंत भरणाऱ्याने कौन्सिलच्या कुठल्याही नोकराशी किंवा नगरसेवकाशी कुठल्याही विषयावर संपर्क साधायचा नाही. जे काय विचारायचं ते संकेतस्थळावर विचारायचं. उत्तर सर्व स्पर्धकांना एकाच वेळी, नावं गाळून, दिलं जाईल. राजधानीत ही अट ठीक असेल. मलिंडारात अकरा हजार माणसं आहेत, आणि एकेकाळी इथे बिशप राहायचा म्हणून आम्हाला शहर म्हणतात. इथे कौन्सिलच्या नोकराशी संपर्क न साधता पाव आणता येत नाही. बेकरीवाल्याची बायको पाणीपट्टीत आहे.

बुधवारी फिलिपा बोल्सला आली. मी म्हटलं, "काय गं." तिने आकाशाकडे पाहिलं. दोन तास आम्ही एका जोडीत एकही शब्द न बोलता खेळलो. फक्त एकदा ती माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली, "आता तुम्ही टाका." चौदा वर्षांत तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. आम्ही तो सामना जिंकलो, पुढचे दोनही जिंकलो. बोलणं बंद झाल्यावर आमचा खेळ सुधारला, हे मला त्या तुम्हीपेक्षा जास्त लागलं.

त्यातच महापौरांचा झगा. लाल, कडेला पांढरी फर असलेला. तो दरवर्षी मेमध्ये माझ्याकडे धुवायला येतो, आणि निविदा निघाली तेव्हा तो माझ्या खुंटीवर होता. महापौर बाईंना तो नव्या लोकांना नागरिकत्व देण्याच्या समारंभाला हवा होता. मला फोन करायची कोणाला परवानगी नव्हती, मलाही त्यांना कळवायची नव्हती. शेवटी मी संकेतस्थळावर प्रश्न टाकला: 'झगा तयार आहे. कोण नेणार?' दुसऱ्या दिवशी तो चौदावा प्रश्न म्हणून पाचही स्पर्धकांना गेला. राजधानीतल्या कंपनीने ताबडतोब खुलासा मागितला, की झगा पुरवणे हे कामाच्या व्याप्तीत येतं का, आणि येत असल्यास किती. त्याला कौन्सिलने उत्तर दिलं: 'एक. परंतु व्याप्तीत नाही.' त्यावर आणखी एका स्पर्धकाने मुदतवाढ मागितली.

झगा अखेर वॉरनने शाळेच्या बसमधून नेला आणि कचेरीच्या पायरीवर ठेवला. ठेवताना तो कोणाशी बोलला नाही. झग्याशी बोलला असेल, तो बसमध्ये एकटा असला की बोलतो.

आता येते ती गोष्ट, जिच्यावरून तुम्ही मला बाद केलंत.

निविदेत एक कलम होतं, की आराखडा लोकांना विचारून करण्याची आपली पद्धत काय, ती पुराव्यासह दाखवा. टोकदार बूटवाली पोरं यासाठी सभागृहात भिंतीवर कागद चिकटवतात आणि लोकांना रंगीत चिठ्ठ्या लावायला सांगतात. मागच्या वेळी सात माणसं आली होती, त्यातली चार बिस्किटांसाठी. मी विचार केला, या गावातली माणसं आपणहून, दर आठवड्याला, न बोलावता कुठे येतात? बोल्स क्लबात, शुक्रवारी, मटणाच्या सोडतीला.

या सोडतीबद्दल तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सगळे तिथेच असता. एक ट्रे, त्यात डझनभर सॉसेज, आठ चॉप, खारवलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि मध्ये शोभेला कोथिंबिरीसारखं काहीतरी, जे कोणी खात नाही. तिकीट दोन डॉलरला. पैसे अग्निशमन स्वयंसेवकांना जातात. या ट्रेसाठी मी माणसांना आजारी आईला सोडून येताना पाहिलं आहे. आईनेच पाठवलेलं असतं.

मी खाटकाकडून एक ट्रे घेतला, क्लबाला दिला, आणि एकच विनंती केली: त्या शुक्रवारच्या तिकिटांच्या मागे प्रत्येकाने लिहायचं, की या गावाला काय हवं. पुढे नाव आणि फोन, मागे गावाचं भवितव्य. कोरं तिकीट सोडतीत धरणार नाही.

लोकांनी सहाशे चौदा तिकिटं घेतली. क्लबाच्या इतिहासात एवढी कधी खपली नव्हती. मटणासाठी माणूस विचारसुद्धा करतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. आणि त्यांनी लिहिलं, बरं का. 'दुसरा दंतवैद्य.' 'पहिल्या दंतवैद्याच्या जागी दुसरा दंतवैद्य.' 'माझ्या नातवाला शिकाऊ काम, कुठलंही.' 'तळं' असं अकरा जणांनी लिहिलं. मला वाटतं ते एकाच टेबलावर बसले होते. एकाने लिहिलं, 'माझी बायको परत यावी', तेही मी 'लोकसंख्या टिकवणे' या सदरात घेतलं. आणि सत्त्याऐंशी जणांनी, मी न सांगता, लिहिलं की तो चादरींचा ट्रक रोज एवढ्या लांब का जातो-येतो. सत्त्याऐंशी. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ती तिकिटं दोनदा मोजली. सीनी शेजारी बसून गठ्ठ्यांना रबर लावत होती. तिने शेवटचा गठ्ठा बांधला. मग म्हणाली, "यातली नऊ माझ्या चर्चमधली आहेत. उरलेली खरी."

"चर्चमधली खोटी का?"

"त्यांनी मला विचारून लिहिली. बाकीच्यांनी स्वतः."

ट्रे लागला लिंडसेला. लिंडसे नगरसेवक आहे. मी त्याला तिकीट विकलं नव्हतं, क्लबाने विकलं होतं. आकडा मी काढला नव्हता, बारवाल्याने काढला होता. लिंडसेच्या तिकिटामागे लिहिलं होतं, 'गावाला खंबीर नेतृत्व हवं.' ते मी कुठल्याच सदरात घेतलं नाही.

निविदा सोमवारी दुपारी दोनच्या आत पेटीत पडायला हवी होती. पेटी कचेरीच्या ओसरीत, हिरवी, कुलूपबंद. माझं पाकीट जाड आणि पेटीची फट पत्राएवढी. एक वाजून चाळीस मिनिटांनी मी, सीनी आणि वॉरन त्या पेटीसमोर उभे होतो. आतून फिलिपा काचेतून बघत होती, आणि तिला आम्हाला मदत करायला मनाई होती. तिने एकदा हाताने काहीतरी खूण केली, आणि मग तोच हात केसांवरून फिरवला, म्हणजे ती खूण नव्हती असं व्हावं.

"फाडून दोन कर," वॉरन म्हणाला.

"एकच प्रत, एकाच पाकिटात. अट सात."

मग सीनीने ते माझ्या हातातून घेतलं, पायरीवर ठेवलं, आतले कागद सरकवून सपाट केले, गुडघ्याने हवा काढली आणि पाकिटाला उभी अशी घडी घातली, जशी आम्ही हॉटेलच्या मोठ्या टेबलक्लॉथला घालतो. ते फटीतून गेलं. एक वाजून बावन्न मिनिटं. त्यावर उमटलेला गुडघ्याचा डाग ही या निविदेतली एकमेव अनियमितता होती, असं मी मानत होते.

गुरुवारी लिंडसे क्लबात भेटला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ग्लेन, तो ट्रे तू दिला होतास?"

"हो."

"तू निविदा भरली आहेस?"

"हो. आणि तुला माझ्याशी बोलायला मनाई आहे."

"म्हणजे मी निविदा भरणाऱ्याकडून भेट घेतली."

"सोडतीत लागली तुला."

"फिलिपा म्हणते परत करावी लागेल." तो कपाळ पुसत म्हणाला. "चॉप संपले गं. सॉसेजसुद्धा. गोमांस तेवढं फ्रीझरमध्ये आहे, त्याचाही एक कोपरा…"

लिंडसेने अखेर भेटवस्तूंच्या वहीत नोंद केली: 'मांस, एक ट्रे, अंशतः उपलब्ध.' फिलिपाने राजधानीतल्या वकिलाला विचारलं. वकिलाने चार पानी मत दिलं. आणि मला तुमचं ते बिननावाचं पत्र आलं. स्पर्धकाने निर्णय घेणाऱ्यास लाभ दिला, सबब निविदा बाद. मी लाच देणारी बाई. या गावात माझ्याकडे खिशात नोटा विसरून लोक विजारी देतात, आणि त्या नोटा मी धुऊन, इस्त्री करून परत करते.

वॉरन म्हणाला, "झालं ते झालं."

थनासिस म्हणाला, "लाच द्यायचीच होती तर निदान कोकरू द्यायचं."

सीनीने दुपारी ब्रिस्बेनच्या बहिणीला फोन केला. दार लावून केला. त्या दारामागचं बोलणं मला टोंगन येत नसतानाही कळलं.

संध्याकाळी मी बसून वकिलाचं ते चार पानी मत वाचलं, जे तुम्ही पत्राला जोडलं होतं. तुम्ही ते वाचलं नसावं. मी प्रत्येक चिठ्ठी वाचते. 'कोमट पाण्यात धुवावे' हेसुद्धा. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, की ट्रे हा लाभ आहेच, परंतु सोडतीचं तिकीट हेसुद्धा लाभाची शक्यता या नात्याने हितसंबंधच ठरतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग तिकिटांचं खोकं काढलं.

कौन्सिलची सभा मंगळवारी पाच वाजता होती. विषय नववा, राजधानीतल्या कंपनीला आराखड्याचं काम देणे. प्रेक्षकांच्या बाकावर मी, सीनी, थनासिस आणि त्याची शिळी बिस्किटं. माझ्या मांडीवर तिकिटांचं ते बुटाचं खोकं होतं, प्रत्येक तिकिटावर नाव. मुद्दाम नेलं होतं का? हो.

नऊ नगरसेवक, गणपूर्तीला पाच लागतात. नववा विषय आला. महापौर बाईंनी, माझ्या हातच्या स्वच्छ झग्यात, विचारलं की कोणाचा हितसंबंध आहे का. लिंडसे उठला, सॉसेजबद्दल दोन वाक्यं बोलला आणि बाहेर गेला. आठ.

मी खोक्याचं झाकण काढलं. हवा लागावी म्हणून.

तिसऱ्या खुर्चीवरचा नगरसेवक खोक्याकडे बघत म्हणाला, "फिलिपा, ते तिकिटाबद्दल वकिलाचं काय मत होतं?" फिलिपाने तिसरं पान वाचून दाखवलं. खाली न बघता, सावकाश, एकेक शब्द. तो उठला. "माझी चार होती." सात. त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "माझी दोन, पण मी तळं लिहिलं होतं." तिलाही बाहेर जावं लागलं. सहा. मग आणखी एकजण, चष्मा घेऊन. पाच.

पाच जण उरले. पाचांत ठराव होतो. महापौर बाईंनी पेन उचललं, आणि ठेवलं. बराच वेळ त्या झग्याच्या फरीवरून हात फिरवत बसल्या.

"माझ्या नवऱ्याने घेतली होती," त्या म्हणाल्या. "दहा. आमच्या दोघांच्या नावावर."

त्या उठल्या. चार. फिलिपाने घड्याळात पाहिलं, गणपूर्ती नसल्यामुळे विषय रद्द होत असल्याचं आणि निविदा नव्याने काढावी लागणार असल्याचं वाचलं, आणि कागद सरळ केले. बाहेर बोळात पाच नगरसेवक चहाचे कप घेऊन एकमेकांशी न बोलता उभे होते, कारण त्यांना नेमकं कशावर बोलायला मनाई आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सीनी एवढी हसली की तिला बाकावरून उठवावं लागलं.

बाहेर पडताना फिलिपा माझ्या शेजारून गेली. निविदा रद्द झाल्यावर अट एकोणीसही रद्द होते.

"चौदा वर्षं तुझ्याबरोबर खेळते आहे," ती म्हणाली, "पण तू एवढी वाईट आहेस माहीत नव्हतं. बुधवारी ये वेळेवर."

मी पुन्हा निविदा भरणार आहे. या वेळी ट्रे अग्निशमनवाले देणार आहेत, मी नाही, आणि नगरसेवकांना तिकीट विकायचं नाही असा क्लबाने फलकच लावलाय. रुग्णालयाचा व्यवस्थापक परवा स्वतः दुकानात आला होता. कोट टाकायला आला होता, पण यंत्रांवरची चादर उचलून बघून गेला. राजधानीतल्या कंपनीने मला पत्र पाठवून विचारलंय, की तुमची लोकांना विचारण्याची पद्धत आम्हाला वापरता येईल का. मी कळवलंय की येईल. मटण इथल्याच खाटकाकडून घ्यावं लागेल.

मी तुमची चूक माफ करायला तयार आहे. एवढ्या लोकांनी एवढं लिहिलेलं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तुमच्यामुळे झालं. मला एक ओळ दिली असतीत तर झालं नसतं.

पण सीनीने घरमालकाकडे सही करायला शुक्रवारपर्यंतचा वेळ मागून घेतला आहे. तिची कागदपत्रं माझ्या काउंटरवर आहेत, दोन्ही, इथली आणि ब्रिस्बेनची. ती मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारते, आणि तो प्रश्न माझा नाही, तुमचा आहे. फिलिपाला विचारलं तर ती म्हणते समिती ठरवेल. समिती म्हणजे तुम्ही. तेव्हा संकेतस्थळावर नको, सर्व स्पर्धकांना नको, वकिलाकडून नको. तुम्ही, ज्याची सही वाचता येत नाही त्या माणसाने, नाव लिहून मला सांगायचं: नवी निविदा कोणत्या तारखेला निघणार? शुक्रवारच्या आत. मी दुकानात सकाळी सातपासून असते.